खांबाला घासून दोन दारं चेपली: पत्रा काढायचा की दारं बदलायची?

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नेमकं होईल. पार्किंगमधून गाडी पुढे काढताना वळण जरा लवकर घेतलं गेलं आणि काँक्रीटच्या खांबाला बाजू घासली. पुढच्या दाराच्या मागच्या अर्ध्या भागात लांबट पोचा पडलाय आणि मधली धार, म्हणजे पत्र्यावरची उठावाची आडवी रेघ, वीतभर बसलीय. मागच्या दाराच्या पुढच्या कडेला रंग पत्र्यापर्यंत निघालाय. दारं उघडतात, लागतात. पण मागचं दार लावताना 'खट्' असा आवाज येतो आणि दोन दारांमधली फट खाली कमी दिसते. गाडी चार वर्षांची, सिल्व्हर मेटॅलिक. एक वर्कशॉप म्हणतं दोन्ही दारं बदला. दुसरं म्हणतं, पत्रा काढून, म्हणजे पोचा उचलून सरळ करून, पुट्टी मारून देतो, कळणारही नाही. खोटं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा कोणीच नाही. ज्या वर्कशॉपचं काम पार्ट मागवून बसवण्याच्या पद्धतीवर चालतं, त्याला दार बदलणं सोपं आणि बिनधोक वाटतं. ज्याच्याकडे हाताचा चांगला डेंटर आहे, त्याला तोच पत्रा उचलणं सोपं वाटतं. अडचण वेगळीच आहे. तुमच्या लिहिण्यावरून दोघांनीही बाहेरून बघूनच निकाल दिलाय. आतली ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, कोणी काढलेली नाही आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांकडे कोणी पाहिलेलं नाही. तिथे न बघता दिलेलं एस्टिमेट, मग ते कोणत्याही बाजूचं असो, मी धरून चालणार नाही.

पोचा किती मोठा आहे यावर सगळ्यांचं लक्ष जातं. निर्णय मात्र तो कुठे पडलाय यावर ठरतो. दाराच्या मधोमध ताटाएवढा उथळ पोचा असेल तर तो बहुतेक वेळा निघतो. तळहाताएवढाच पण कडेला असेल, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो, तर तो छळतो. म्हणून तुमची दोन दारं हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पुढच्या दाराबद्दल मी बराच निश्चिंत आहे, मागच्याबद्दल नाही. त्याचं कारण सांगण्याआधी दाराची बांधणी समजून घ्या.

बाहेरून दिसतो तो डोअर स्किन, जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. त्याच्या आत दाबून घडवलेला सांगाडा. स्किनची कड चारही बाजूंनी या सांगाड्यावर दुमडून घट्ट दाबलेली असते. या दुमडीला हेम म्हणतात, आणि तिच्या आत चिकट द्रव्य आणि वर सीलर असतो. मध्ये बाजूची धडक झेलणारा आडवा किंवा तिरका साइड इम्पॅक्ट बीम. उरलेल्या जागेत काच, ती वर-खाली करणारा रेग्युलेटर, लॉक, वायरिंग, स्पीकर आणि पाणी आत येऊ न देणारा पडदा. काही गाड्यांत एअरबॅगसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सरही दारातच असतो. बाजूने धडक बसली की दाराच्या आतला दाब एकदम वाढतो, तो बदल हा सेन्सर टिपतो. अशा दारात ट्रिम काढून परत बसवताना पडदा फाटका ठेवला किंवा एखादं भोक उघडं राहिलं, तर नुसतं पाणी गळण्यापुरतं ते थांबत नाही, सेन्सरचं मोजणंही बिघडू शकतं.

आता पत्रा. त्याला धक्का बसतो तेव्हा सगळा पोचा कायमचा वाकलेला नसतो. बराच भाग नुसता दबून अडकलेला असतो. त्याला अडकवून ठेवतात त्या पोच्याच्या काठावरच्या चुण्या, जिथे पत्रा खरोखर मोडलाय. मोडलेल्या जागी पत्रा आजूबाजूपेक्षा कडक होतो. म्हणून नवशिका मधल्या खोलगट भागावर आतून ठोकत बसतो आणि पत्रा ताणतो. ताणलेला पत्रा मग बोटाने दाबला की 'टक्' करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. असा टकटकणारा पत्रा आवळून जागेवर आणणं मूळ पोचा काढण्यापेक्षा कटकटीचं असतं. जाणता डेंटर आधी काठावरच्या चुण्या सोडवतो. त्या सुटल्या की मधला भाग बराचसा आपणहून वर येतो. शिवाय नुकसान ज्या क्रमाने झालं त्याच्या उलट क्रमाने काढायचं. खांब पुढून मागे घासत गेला असेल तर शेवटी जिथे सुटला तिथून सुरुवात.

तुमच्या पुढच्या दारात धार बसलीय, हे थोडं कौशल्याचं काम. सपाट भागात पाव मिलिमीटरची चूक डोळ्याला चुकते, धारेवर ती लगेच दिसते, कारण प्रकाशाची रेघ तिथे मोडते. पण धार परत उठवता येते. त्या ओळीवर रंग काढून पत्र्याला बारीक पिना किंवा वॉशर वेल्ड करतात आणि ओढण्याच्या पट्टीने सगळे एकदम, हळूहळू ओढतात. ओढलेल्या अवस्थेतच आजूबाजूच्या फुगीर काठांवर हलक्या हाताने हातोडी. एकेक पिन सुटी ओढली तर धारेऐवजी डोंगर-दऱ्यांची रांग तयार होते. तुमच्या डेंटरला विचारा धार कशी उठवणार. त्याच्या उत्तरावरून त्याचा हात कळेल.

रंग न काढता आतून सळईने पोचा काढण्याची पद्धत, पीडीआर, तुमच्या कामाची नाही. तिला रंग शाबूत लागतो आणि आत सळई पोहोचायला जागा लागते. पुढच्या दारात जिथे रंग नुसता खरचटलाय, तिथे ढोबळ उचल गोंदाच्या टॅबने ओढून घेता येईल. तेवढंच.

पुट्टीबद्दल लोकांच्या मनात उगीच भीती आहे, आणि तिच्या गैरवापरामुळे ती बसलीय. पुट्टी वाईट नसते. पत्रा जागेवर आणल्यावर उरलेली किंचित उंचसखलता भरायला ती आहे. पत्र्याचं काम पुट्टीने करायला नाही. घासून झाल्यावर ती जास्तीत जास्त ३ मिलिमीटर असावी, चांगल्या कामात त्याहून बरीच कमी राहते. ती घट्ट करणारा हार्डनर साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला की काही आठवड्यांनी रंगातून डाग वर येतो. प्राइमर नीट सुकायच्या आत घासून रंग मारला तर दोन-तीन महिन्यांत पुट्टीच्या काठाची पुसट आकृती उन्हात दिसायला लागते. 'संध्याकाळी गाडी घेऊन जा' म्हणणाऱ्याचं काम घरी गेल्यावर असं उघडं पडतं.

पुढच्या दारावर माझं मत सांगून टाकतो: ट्रिम काढल्यावर बीम सरळ असेल, काच विनाअडथळा वर-खाली जात असेल आणि मागच्या कडेची हेम उघडलेली नसेल, तर ते दुरुस्त करा. फॅक्टरीत अख्खी बॉडी ई-कोटच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्राइमरच्या, हौदात बुडवलेली असते, दाराच्या आतल्या बाजूलाही तो थर पोहोचतो. ते दार सांभाळण्यासारखं असतं. दुरुस्तीत स्किनच्या आतल्या बाजूला वेल्डच्या उष्णतेने जेवढा थर जळेल, तिथे शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारून घ्या. हे आठवणीने सांगावं लागतं, कारण ते कोणाला दिसत नाही म्हणून राहून जातं.

बीम मात्र वाकलेला निघाला तर चर्चा संपली. बऱ्याच गाड्यांत तो गरम करून साच्यात दाबलेल्या बोरॉन स्टीलचा असतो, १,५०० मेगापास्कलच्या घरातल्या ताकदीचा. तो सरळ करायचा नसतो, गरम तर अजिबात करायचा नसतो. गॅसच्या ज्योतीने लाल केला की त्याची ताकद गेली. वरून दार कितीही गुळगुळीत दिसो, पुढच्या धडकेत तो बीम त्याचं काम करणार नाही. कोणी 'बीम पण सरळ करून देतो' म्हणालं, तर गाडी तिथून काढा.

आता मागचं दार. खांब पुढच्या दारावर घासत मागे सरकला, त्याने पुढच्या दाराची मागची कड आत दाबली. त्यामुळे मागच्या दाराची पुढची कड उघडी पडली आणि खांबाने तिला समोरून धरलं. रंग नेमका तिथेच पत्र्यापर्यंत गेलाय, हे त्याच्याशी जुळतं. त्या कडेच्या मागे लगेच मागच्या दाराच्या बिजागऱ्या आहेत, आणि त्या बसतात बी पिलरवर, म्हणजे दोन दारांमधल्या बॉडीच्या उभ्या दांड्यावर. म्हणजे धक्का स्किनने झेलला, की सांगाड्याने, की बिजागरीने, की पिलरने, हे ठरवायचंय. आवाज आणि खाली कमी झालेली फट या दोन खुणा सांगतात की नुसत्या स्किनवर भागलेलं नाही. तो आवाज दोन कडा एकमेकींना लागल्याने येत असेल किंवा दार स्ट्रायकरवर, म्हणजे लॉक जिला पकडतं त्या चौकटीवरच्या कडीवर, वाकडं बसत असल्यामुळे.

हे तुम्ही घरीही थोडं तपासू शकता. मागचं दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून वर उचला. बिजागरीत ढिलेपणा जाणवला किंवा कट्कट् झालं, तर पिन किंवा बिजागरी गेलीय. बिजागरीच्या बोल्टांभोवतीचा रंग बघा. तिथे केसासारखी चीर दिसली तर बिजागरी जागची हललीय. मग दाराच्या पुढच्या कडेवरून आतल्या बाजूने बोट फिरवा. हेमची दुमड सलग लागली पाहिजे. एखाद्या जागी ती उघडल्यासारखी, किंवा सीलर तुटल्यासारखा लागला, तर ओलावा आत शिरायला वाट झाली. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे गाडीची दुसरी बाजू. तीच दारं, तीच फट, धक्का न लागलेली. दोन्हीकडच्या फटी वर, मध्ये, खाली मोजा आणि मांडून ठेवा. दार काढल्यावर मेस्त्रीला उघड्या चौकटीचे दोन कर्ण मोजायला सांगा, दुसऱ्या बाजूशी ताडून. कर्णांत फरक निघाला तर पिलर सरकलाय, आणि मग दाराचा वाद बाजूला ठेवून गाडी आधी फ्रेमवर, म्हणजे बॉडी मोजून सरळ करायच्या यंत्रावर, मोजावी लागेल. वाकड्या चौकटीत नवं दारही वाकडंच बसेल.

एक गोष्ट होऊ देऊ नका: फट जुळवण्यासाठी स्ट्रायकर खाली-वर करणं. स्ट्रायकर दाराला नीट पकडायला असतो, लोंबलेलं दार उचलून धरायला नाही. असं जुळवलेलं दार सुरुवातीला छान लागतं. नंतर लॉक घासायला लागतं आणि काचेजवळून वाऱ्याची शिट्टी ऐकू येते.

चौकट आणि बिजागऱ्या ठीक निघाल्या आणि मागच्या दाराची फक्त स्किनची कड चेमटली असेल, तर तेही दुरुस्त होईल. कड सांगाड्यासकट आत गेली असेल, हेम हातभर उघडली असेल किंवा पत्र्याला चीर असेल, तर बदला. यात मधला एक रस्ता आहे, फक्त स्किन बदलण्याचा: जुनी स्किन हेमच्या कडेने घासून उतरवायची, नवी चिकट द्रव्यावर बसवून कडा पुन्हा दुमडायच्या. काम सुंदर होतं, पण दोन अटींवर. गाडीच्या कंपनीने स्किन सुटी दिली पाहिजे आणि आतला सांगाडा बिनचूक सरळ असला पाहिजे. चिकट द्रव्य सुकेपर्यंत दार गाडीवर लावून फटी जुळवलेल्या अवस्थेतच ठेवावं लागतं, नाहीतर ते किंचित पिळलेलं सुकतं आणि मग ते सरळ करायला काही हातात राहत नाही. हे काम आधी केलेला माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दार ॲल्युमिनियमचं असेल तर मी लिहिलेलं बरंच बदलतं. चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर ॲल्युमिनियम. हा पत्रा स्टीलसारखा मूळ आकाराकडे यायला बघत नाही, थंड ओढला तर चिरतो, आणि त्याला हत्यारंही वेगळी लागतात. स्टीलवर वापरलेल्या घासपट्टीचे कण त्यात रुतले की तिथून गंज धरतो. तिथे बदलण्याकडे माझा कल लवकर झुकतो.

खर्चाची तुलना करताना लोक एक चूक हमखास करतात. 'दुरुस्ती अधिक रंग' विरुद्ध 'नवं दार' असा हिशोब मांडतात. पण रंग दोन्हीकडे आहे. नवं दार काळ्या किंवा राखाडी प्राइमरात येतं. त्याला बाहेरूनच नाही, आतल्या कडांनाही रंग लागतो, हेमवर सीलर, खालच्या कडेला वॅक्स, आवाज दाबणारी पट्टी, आणि जुन्या दारातलं लॉक, काच, वायरिंग सगळं काढून घालण्याची मजुरी. म्हणून रंग बाजूला ठेवून पत्रा काढण्याची मजुरी एका बाजूला आणि दाराची किंमत अधिक हा सगळा खटाटोप दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करा. बऱ्याचदा चित्र पालटतं. विम्यातून करणार असाल तर तुम्हाला स्वतःला किती भरावं लागेल आणि पुढच्या हप्त्यावर काय फरक पडेल, हे आधी विचारून घ्या. ते पॉलिसीगणिक वेगळं असतं.

जुन्या बाजारातलं दार चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. चालेल, पण 'त्याच रंगाचं मिळालं, रंगवायला नको' या आशेवर घेऊ नका. एकाच कोडचे दोन सिल्व्हर शेजारी ठेवले की वेगळे दिसतात; कोणी उन्हात जास्त राहिलेला, कोणी मुळात वेगळ्या छटेत निघालेला. रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावून बघा. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ३०० च्या वर गेला तर दार पुन्हा रंगवलेलं आहे, आणि हजाराच्या पुढे आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. म्हणजे दुसऱ्याचा पोचा विकत घेतलात. खालची हेम आणि पाणी निघायची भोकं गंजासाठी तपासा. वायरिंगचा कनेक्टर, स्पीकरची जागा, आरशातला कॅमेरा, हँडलमधला सेन्सर हे मॉडेलच्या श्रेणीप्रमाणे बदलतं, तेही जुळवा.

सिल्व्हर मेटॅलिक आहे म्हणून रंगाबद्दल दोन शब्द जास्त. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात आणि त्या कशा निजतात त्यावर छटा ठरते. गनचा दाब, अंतर, थर ओला की कोरडा, सगळ्याने फरक पडतो. सिल्व्हर तर फार चुगलखोर रंग. त्यामुळे दार कडेपर्यंत रंगवून थांबलं तर शेजारच्या पॅनेलशी फरक दिसणारच. त्यावर उपाय ब्लेंडिंग: रंगाचा थर शेजारच्या पॅनेलवर विरत न्यायचा आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पूर्ण पॅनेलवर मारायचा. तुमच्या बाबतीत पुढे फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि मागे क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा). क्वार्टर वर छतापर्यंत सलग जातं, तिथे क्लिअर कुठे संपवायचा ही अवघड जागा असते. चांगला पेंटर म्हणेल, मागच्या दाराच्या पुढच्या भागातच रंग संपवतो आणि दाराच्या मागच्या कडेपर्यंत विरवतो, क्वार्टरला हात लावत नाही. दार दुरुस्त करण्याचा हा एक छुपा फायदा. नवं दार आलं की ते अख्खं रंगवावं लागतं आणि ब्लेंड क्वार्टरवर जातो. रंग मारण्याआधी पत्र्याच्या कार्डावर छटा मारून ती गाडीशेजारी उन्हात आणि सावलीत, समोरून आणि तिरकी धरून बघायला सांगा. रंगाच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून सुकवणार का, हेही विचारा.

दार बदलायचं ठरलंच तर ते रंगवण्याआधी गाडीवर लावून बघायचं, हा माझा नियम आहे. जुळवणीचा क्रम मागून पुढे. क्वार्टर पॅनेल वेल्ड केलेलं, ते हलत नाही. म्हणून मागचं दार त्याच्याशी जुळवायचं, पुढचं दार मागच्याशी, आणि फेंडर शेवटी. पुढून सुरुवात केली की सगळी चूक गोळा होऊन मागच्या फटीत येते आणि तिथे सरकवायला काहीच नसतं.

तेव्हा आत्ता करायचं एवढंच. दोन्ही वर्कशॉपना सांगा की ट्रिम काढून बीम, हेम आणि बिजागऱ्या बघून मग लेखी द्या. उघडण्याची मजुरी लागली तर द्या. पुढचं दार बदलायचं कारण त्यांनी दाखवून द्यावं, नुसतं सांगू नये. मागच्या दारासाठी कर्णांची मापं मागा. तोवर उघड्या पत्र्यावर टेप लावून ठेवा, आणि त्या बाजूला जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका.

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या. दाराच्या टोकाशी उभं राहून डोळा पत्र्याच्या पातळीत आणा आणि आकाशाचं प्रतिबिंब धारेवरून कुठे मोडतं का ते बघा. पातळ सुती फडकं तळहाताखाली धरून दुरुस्त जागेवरून हात फिरवा, उघड्या हातापेक्षा उंचवटा जास्त कळतो. काचा दोनदा खाली-वर करा, दार आतून-बाहेरून लॉक करून बघा. डॅशवर एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिलेला नसावा. मग दार लावताना रबराच्या मध्ये कागदाची पट्टी धरून ओढा; चौकटीभर सारखी घट्ट निघाली पाहिजे. कुठे सहज सरकली, तर तिथे पाइपने पाणी सोडून आत बसा आणि मगच सही करा.